आपल्या इंदुरात आलं तेव्हा: रांगेतले अनुभव सांगा

गेल्या शनिवारी विजय नगरला बर्गरच्या एका मोठ्या साखळीचं नवीन दुकान उघडलं. दार अकराला उघडणार होतं, पण माझी लेक मैत्रिणींना घेऊन साडेआठलाच जाऊन उभी. एक वाजता मी तिला घ्यायला गेले तर ती अजून बाहेरच. पुढे पन्नासेक माणसं, आणि मागची रांग एटीएम ओलांडून गल्लीत वळलेली. रागवायचं ठरवूनच गेले होते, पण त्या पोरांचे चेहरे बघितले आणि गप्प राहिले. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, येण्याची वाट बघत राजवाड्याशी लोक उभे असतात ना, तसे चेहरे होते.

रात्री घरात जुन्या गोष्टी निघाल्या. आमच्या लहानपणी पुण्या-मुंबईची मामे-चुलत भावंडं सुट्टीत यायची आणि विचारायची, "तुमच्याकडे ते नाही का अजून?" आपल्याकडे सराफ्याचा रात्रीचा खाऊबाजार होता, छप्पन दुकानं होती, सकाळचे पोहे-जलेबी होते, पण 'ते', म्हणजे मोठ्या साखळीचं बर्गर-पिझ्झाचं दुकान, नव्हतं. त्या प्रश्नाला उत्तर देता यायचं नाही, हे मला अजून आठवतं. मग एकेक करत सगळं आलं.

त्या येण्याच्या दिवसांबद्दल मला मनापासून ऐकायचं आहे. कुठल्या रांगेत, कुणाबरोबर, किती वेळ उभे होतात? घरचे काय म्हणाले? आत काम केलेल्यांनी आणि शेजारी दुकान असलेल्यांनीही लिहा. वाईट आठवण असेल तर तीही येऊ द्या.

*

लोकमान्य नगर, वय 61

मी रांगेच्या आधीची गोष्ट सांगते.

1996 च्या ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड्सचं देशातलं पहिलं दुकान दिल्लीत निघालं आणि पाठोपाठ मुंबईत वांद्र्याला. माझी धाकटी बहीण खारला राहायची. पुढच्या मे महिन्यात ती माहेरपणाला आली ती अवंतिकाने. गाडी संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून सुटते आणि सकाळी इंदूरला पोचते. तिच्याजवळ स्टीलचा मोठा डबा होता, लाडवांचा असतो तसा, आणि त्यात आठ बर्गर. रात्रभर उन्हाळ्यात डब्यात राहिलेले. पाव ओलसर झालेला, आतलं पान काळवंडलेलं, सॉस कागदाला चिकटलेला.

आम्ही तेव्हा रामबागेत वाड्यात राहत होतो, पाच बिऱ्हाडं. आईने ते पान काढून टाकलं, तव्यावर तूप सोडून एकेक बर्गर दोन्ही बाजूंनी शेकला आणि विळीवर चार-चार तुकडे केले. बत्तीस तुकडे. वाड्यात सगळ्यांना एकेक मिळाला, वरच्या जोशीकाकूंनी नातवासाठी आणखी एक मागून नेला. चव म्हणाल तर बटाट्याची टिक्की, काहीतरी आंबटगोड आणि साजूक तूप! सगळ्यांनी छान म्हटलं. बहिणीचा चेहरा मात्र उतरला होता. ती सारखी म्हणत होती, "ताई, हा असा नसतो गं. तिथे वेगळा लागतो."

इंदूरला आलं तेव्हा मुलाला घेऊन मी स्वतः रांगेत उभी राहिले. सव्वा तास. ट्रे घेऊन बसले, कागद उघडला, वाफ आली. पहिला घास घेतल्याबरोबर बहिणीला फोन लावला. म्हटलं, "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं." तिला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. मग कळलं, आणि दोघी फोनवर कितीतरी वेळ हसत होतो.

*

सुदामा नगरची सून

आमच्या सासूबाई बाहेरचं खात नसत. सराफ्यातसुद्धा फक्त भुट्ट्याचा कीस, तोही समोर बनवलेला. मुलाचा वाढदिवस होता आणि त्याचा हट्ट, की बर्गरच्या दुकानात आजी पण येणार. त्या आल्या, रांगेत आमच्याबरोबर पाऊण तास उभ्या राहिल्या, पण खाणार नाही हे सांगूनच.

काउंटरवर त्यांनी त्या पोराला शुद्ध मराठीत विचारलं, "चिकन तळता त्याच कढईत हे तळता का?" मी हिंदीत सांगू लागले तोवर मॅनेजर बाई पुढे आल्या. म्हणाल्या, आजींना आत दाखवते. गर्दीच्या दिवशी! त्यांनी डोक्याला टोपी घालायला दिली आणि स्वैपाकघराच्या तोंडापर्यंत नेलं. शाकाहारी बाजू वेगळी, तिथली तळणी वेगळी, काम करणाऱ्यांचे ॲप्रन हिरवे. हिरव्या ॲप्रनचा माणूस दुसऱ्या बाजूला हात लावत नाही. मेयोनीजमध्येही अंडं नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सोवळं आहे की यांच्याकडे." मग त्यांनी अर्धा बर्गर खाल्ला. फ्राईज मात्र त्यांना फार आवडल्या. पर्समधून जीरावनची, म्हणजे पोह्यांवर घालतो त्या मसाल्याची, पुडी काढून त्यावर भुरभुरवली. नंतर आमच्या घरात फ्राईज जीरावनशिवाय कुणी खाल्ल्याच नाहीत. त्या जाऊन चार वर्षं झाली. पुडी आता माझ्या पर्समध्ये असते.

*

मल्हारगंज, आता बेंगळुरूला

मी आतल्या बाजूचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका साखळीचं इंदुरातलं दुकान उघडलं तेव्हा पहिल्या तुकडीत होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून मित्र आहेत तिथे.

उघडण्याआधी आम्हांला महिनाभर दुसऱ्या शहरातल्या दुकानात पाठवलं होतं. हात धुण्यापासून शिकवलं. टायमर वाजला की बास्केट वर, मग तेल निथळू द्यायचं, मग मीठ, आणि ठरलेल्या मिनिटांत गेल्या नाहीत तर त्या फ्राईज सरळ फेकायच्या. पहिल्यांदा फेकल्या तेव्हा जिवावर आलं. आमच्या घरी पोळीचा तुकडासुद्धा कुणी टाकत नाही.

लोकांना वाटतं रांग स्वैपाकघरामुळे लांबते. तसं नाही. आत मशीनसारखं काम चालतं. रांग अडते काउंटरवर. माणूस दीड तास उभा राहून माझ्यापर्यंत पोचतो आणि मग मान वर करून बोर्ड वाचायला सुरुवात करतो. मील म्हणजे काय, कोक मोठा घेतला तर किती, कांदा काढून मिळेल का, दोघांत एक घेतलं तर चालेल का. त्याची चूक काहीच नाही, त्याने हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलेलं असतं. शिवाय मागे वहिनी, तीन पोरं, एक आत्या, प्रत्येकाचं वेगळं. एका ऑर्डरला चार-पाच मिनिटं जायची. त्यात पाचशेच्या नोटा आणि सुट्ट्यांची मारामार.

दुपारी आमच्या ट्रेनर दादाने डोकं लढवलं. दोघांना छापील मेन्यू आणि चिठ्ठ्यांचं पॅड देऊन रांगेत पाठवलं. उभे आहात तिथेच ठरवा, आम्ही लिहून देतो, काउंटरवर फक्त चिठ्ठी द्या. अर्ध्या तासात रांग निम्मी झाली. त्या दोघांतला एक मी. आयुष्यात इतक्या लोकांशी एका दिवसात कधी बोललो नव्हतो. उज्जैनहून आलेलं नवीन लग्नाचं जोडपं होतं. एक रिटायर्ड मास्तर होते, त्यांनी मेन्यूतली शुद्धलेखनाची चूक दाखवली. चार पोरं वर्गणी काढून आलेली, एकच मील घेणार होती, आणि त्यातला मोठा मला परत परत विचारत होता की चार स्ट्रॉ मिळतील ना.

संध्याकाळी सातला पाव संपत आले. मॅनेजर स्वतः बाहेर गेले, रांगेतली माणसं मोजली, एका जागी हात आडवा धरला आणि मागच्यांना हात जोडून सांगितलं की आता उभे राहू नका, उद्या सकाळी गाडी येते आहे. मोजून आधी सांगितलं म्हणून कुणी भांडलं नाही. मी पुढे आठ वर्षं याच धंद्यात काढली, पण हे करणारे मॅनेजर मला थोडेच भेटले.

सगळ्यात लक्षात राहिलेलं सांगतो. रात्री मी काउंटरवर असताना समोर आई. शेजारच्या दोन काकूंना घेऊन आली होती, मला न सांगता. रांग लावूनच आली होती. आम्हांला हिंदीतच बोलायचं शिकवलेलं, म्हणून मी म्हटलं, "नमस्ते मॅम, आप क्या लेंगी?" आई माझ्याकडे बघतच राहिली. मग मराठीत म्हणाली, "तुला जे चांगलं वाटेल ते दे." मी ट्रे लावून दिला, तिने पदराची गाठ सोडून पैसे मोजले. घरी गेल्यावर एवढंच म्हणाली, "आज तू मला वाढलंस." आमच्या घरात तोवर पुरुषांनी कुणाला वाढलेलं नव्हतं.

*

पोहेवाला

आमचं दुकान तसल्याच एका मोठ्या दुकानाच्या समोर आहे, पलासिया भागात. वडिलांच्या वेळेपासूनचं. समोर काचा लागायला लागल्या तेव्हापासून घरात झोप नव्हती. बाबा रोज संध्याकाळी दुकानात बसून तिकडे बघत राहायचे.

उघडायच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पाचला आलो. सातपासून पोरं जमायला लागली. समोरचं दार अकराला उघडणार, आणि पोरं उपाशीपोटी घराबाहेर पडलेली. काय भिया, आठ वाजता आमच्या पातेल्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. आपले पोहे वाफेवर असतात, खाली उकळतं पाणी, वर परात. म्हणून वेळ लागत नाही. शेव, कांदा, जीरावन टाकलं की प्लेट तयार. एक जण रांगेत जागा धरायचा आणि त्याचे दोस्त इकडे खाऊन त्याच्यासाठी कागदात बांधून न्यायचे. रोज दोन परात जातात, त्या दिवशी पाच गेल्या आणि तर्रीची उसळ नऊलाच संपली. दोन डबे ठेवले होते, ओला कचरा, सुका कचरा. रांग संपल्यावर रस्त्यावर एक कागद नव्हता. 2017 मध्ये आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हापासून पोरांच्या हातालाच ती सवय लागली आहे, हे मी रोज बघून राहिलो.

पण खरं ते पूर्ण सांगतो. सकाळच्या पोह्यांना धक्का लागला नाही, आजही नाही. संध्याकाळची कचोरी मात्र सहा महिन्यांत निम्म्यावर आली. कॉलेजची पोरं एसीत बसायला लागली, तास-तास बसता येतं तिथे. आमच्याकडे उभ्यानेच खावं लागतं. कचोरीचा कारागीर वडिलांच्या वेळचा होता, त्याला कमी करावं लागलं. नंतर आत चार टेबलं आणि पंखा लावला तेव्हा थोडं सावरलं. समोरच्यांवर माझा राग नाही. त्यांची पोरं सकाळची शिफ्ट सुरू करायच्या आधी माझ्याकडेच पोहे खातात. पण त्या कारागिराची आठवण येते.

*

तिलक नगर

वाईट आठवणही मागितली आहे म्हणून लिहिते आहे. नाव लिहीत नाही.

एका पिझ्झाच्या दुकानाने जाहीर केलं होतं, पहिल्या शंभर जणांना वर्षभर दर महिन्याला एक पिझ्झा फुकट. माझा भाऊ पहाटे चारला गेला, मी पाचला. तेव्हा साठेक लोक होते, म्हणजे आमचा नंबर नक्की होता. टोकन कुणी दिलं नाही. नऊनंतर बाजूने लोक घुसायला लागले. दार उघडलं तशी मागून अशी लाट आली की मी काचेवर दाबली गेले. श्वास घेता येईना. शेजारची मुलगी बेशुद्ध पडली, तिला आम्ही चौघींनी उचलून बाहेर काढलं. पाणी मागितलं तर आतून उत्तर आलं की आधी लाइनमध्ये या. आमच्यापैकी कुणालाही कूपन मिळालं नाही.

मला फुकट पिझ्झाचं दुःख नाही. रांग बोलवायची तर ती सांभाळायची जबाबदारी बोलवणाऱ्याची. पहाटे आलेल्याच्या हातात नंबर लिहिलेला कागद द्यायला किती खर्च येतो? सावली, पाणी, म्हाताऱ्यांना बसायला जागा, एवढं तरी हवं. आता माझी भाची अशा उद्घाटनाला निघाली की मी आधी विचारते, टोकन देणार आहेत का? नसतील तर आठवड्याने जा म्हणते.

*

परदेशीपुरा, नोकरीला मुंबईत होतो

2012 च्या ऑक्टोबरात हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचं देशातलं पहिलं दुकान उघडलं तेव्हा माझं ऑफिस फोर्टातच होतं. सुरुवातीचे कित्येक दिवस बाहेर रांग. मी तिसऱ्या प्रयत्नात आत गेलो. उंच छत, दगडी इमारत, कॉफीचा वास. कपावर नाव लिहितात, माझं चुकीचं लिहिलं. बाहेर येऊन आईला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, "केवढ्याला?" सांगितल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्याकडे येईल तेव्हा मला ने."

काही वर्षांनी आलं. नेलं. तिने कपावर नाव लिहून घेतलं, घरी येऊन कप धुतला, आणि त्यात कढीपत्त्याचं रोप लावलं.

*

महू, बटाट्याचं कोल्ड स्टोरेज

वर कुणीतरी म्हटलं की उत्तर देता यायचं नाही, म्हणजे 'आपल्याकडे का नाही' याचं. माझ्या कामामुळे मला थोडं ठाऊक आहे.

अशी साखळी गावात येण्याआधी थंड गाडीचा रस्ता यावा लागतो. फ्राईज उणे 18 अंशांवर गोठलेल्या येतात, गाडीत मध्ये कुठे वितळल्या तर माल गेला. मॅकडोनाल्ड्सने 1996 ला दुकान उघडण्याआधी सहा वर्षं नुसती ही माल येण्याची व्यवस्था उभी करण्यात घालवली. तेव्हा बर्गरमधलं ते कुरकुरीत पान, आइसबर्ग लेट्यूस, पुण्याजवळच्या तळेगावचं. चीज बारामतीचं. पाव पंजाबातल्या फिल्लौरचा. अवंतिकेच्या डब्यातून आलेला तो बर्गर वाचला तेव्हा वाटलं, काकू, त्यातलं अर्धं सामान आपल्या मराठी मुलखातलंच होतं.

आपल्या माळव्याचा बटाटाही मोठा आहे बरं का. त्यात साखर कमी आणि कोरडा गर जास्त, म्हणून वेफर्स काळे पडत नाहीत. चिप्सवाले इथून उचलतात. फ्राईजला लांबट जात लागते, ती बरीचशी उत्तर गुजरातेत होते. घरचा बटाटा फ्रिजमध्ये ठेवून फ्राईज केल्यात तर त्या तपकिरी आणि गोडसर होतात, ते याचमुळे. फार थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते. आम्ही तळायचा माल 10 ते 12 अंशांवर ठेवतो, बियाण्याचा 2 ते 4 वर.

एका दुकानासाठी थंड गाडी पाठवणं परवडत नाही. म्हणून साखळी एखाद्या शहरात शिरली की पाठोपाठ दोन-तीन दुकानं काढते, तीच गाडी सगळीकडे उतरते. एक दुकान निघालं की पुढची का पटापट निघतात ते यातून कळेल.

*

भंवरकुआँ

उलटं पण घडलं आहे, ते कुणी लिहिलं नाही! 2016 मध्ये आपल्याच इंदुरात दोन मित्रांनी कुल्हडच्या चहाचं 'चाय सुट्टा बार' सुरू केलं, आणि ते देशभर गेलं, दुबईपर्यंत पोचलं. मी नोकरीसाठी परक्या गावात होतो, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. एका संध्याकाळी तो बोर्ड दिसला आणि बाहेर पोरांची गर्दी. मी रांगेत पुढच्या मुलाला सांगितलं, "हे आमच्या गावचं आहे." त्याला काही वाटलं नसेल. मी दोन कुल्हड प्यायलो.

*

पुन्हा मीच, धागा सुरू करणारी

सगळं लेकीला वाचून दाखवलं. बत्तीस तुकड्यांच्या बर्गरवर तिचा विश्वासच बसेना. "एकेकच?" असं दोनदा विचारलं. तिलक नगरच्या ताई, टोकनचं तिला नीट समजावलं आहे.

शनिवारी ती शेवटी दोनला आत गेली. माझ्यासाठी फ्राईज घरी आणल्या, गार झालेल्या. तव्यावर टाकल्या. सुदामा नगरच्या वहिनी, जीरावन घरात होतंच.

*

लोकमान्य नगर, वय 61

बहीण येत्या रविवारी येते आहे, अवंतिकानेच. विजय नगरच्या त्या दुकानात तिला घेऊन जायचं म्हणते आहे. गुडघ्यांमुळे आता जास्त उभं राहवत नाही. दुपारी तीन-चारच्या सुमाराला रांग कमी असते का? आणि घडीची खुर्ची नेली तर रांगेत बसू देतात का, कुणी सांगेल?

*

मल्हारगंज, आता बेंगळुरूला

काकू, साडेतीनला जा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि कॉलेजं सुटलेली नसतात. खुर्ची न्या. कुणी काही म्हटलं तर मॅनेजरला बोलवा म्हणून सांगा, आणि बोर्ड रांगेत असतानाच वाचून ठेवा.